विहिरीचे पाणी आणि पोटातले बाळ

आरोग्य : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच काळजीची आहेत : आपण जे पाणी पितो त्यातल्या दूषित घटकांमुळे बाळाला जन्मजात व्यंग येऊ शकते का? त्यांतली पाच पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावे व गावे गाळली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : (अमरावती जिल्हा, वय २४) माझी पहिली मुलगी पाठीवर गाठ घेऊन जन्माला आली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, पण तिच्या पायांत ताकद नाही. सासूबाई म्हणतात की मी ग्रहणात विळीवर भाजी चिरली. दीर म्हणतात की घरामागच्या विहिरीचे पाणी वाईट आहे. मागच्या वर्षी तपासणीत नायट्रेट ९६ निघाले होते. खरे कारण कोणते? आणि दुसऱ्या बाळाचा विचार करावा की नाही?

उत्तर : ताई, सर्वांत आधी ग्रहणाविषयी. ग्रहणात विळी धरल्याने, सुई ओवल्याने किंवा बाहेर पडल्याने बाळात कोणतेही व्यंग येत नाही. हे मी सासूबाईंना दुखवण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितलेले असणार आणि नातीचे दुःख त्यांनाही आहेच. परंतु तुमच्या मुलीच्या आजाराचा दोष तुमच्या हातातल्या विळीवर टाकणे हा तुमच्यावर अन्याय आहे, आणि हे उत्तर तुम्ही घरात मोठ्याने वाचून दाखवावे अशी माझी इच्छा आहे.

आता पाठीवरच्या गाठीविषयी. गर्भाच्या पाठीच्या बाजूला एक पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि तिची नळी बनते; याच नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत ही नळी मिटलेली असते. खालच्या टोकाला ती मिटायची राहिली तर पाठीवर गाठ येते, तिला स्पायना बिफिडा म्हणतात; वरच्या टोकाला राहिली तर कवटी आणि मेंदू नीट तयार होत नाहीत. २८ वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपल्याकडे बहुतेक जणींना त्या वेळी दिवस राहिल्याची खात्रीही झालेली नसते आणि दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत तिसरा महिना उजाडतो. म्हणजे पाणी असो, औषध असो की आहारातली उणीव असो, या नळीवर ज्याचा परिणाम व्हायचा तो नाव नोंदवण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

आता नायट्रेट. गोठ्याच्या मागचा उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा, सांडपाणी आणि शेतात टाकलेला युरिया यांतला नत्र जमिनीतल्या जिवाणूंमुळे नायट्रेटमध्ये बदलतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट खाली जाते, त्यामुळे कमी खोलीच्या आणि कठडा नसलेल्या विहिरींना हा त्रास अधिक होतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक नायट्रेटग्रस्त १५ जिल्ह्यांची यादी आहे. तीत वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ हे विदर्भातले चार जिल्हे आहेत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नको. तुमच्या विहिरीत त्याच्या दुपटीहून अधिक आहे, तेव्हा दिरांची शंका पोकळ नाही.

परंतु ही ४५ ची मर्यादा कशावरून ठरली हे पाहिले पाहिजे. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी तान्ही बाळे निळी पडत असल्याचे नोंदवले. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते सोसत नाही. मर्यादा ठरली ती या निळ्या बाळांसाठी. पोटातल्या गर्भाचा विचार करून ती ठरवलेलीच नव्हती.

गर्भाविषयीचा अभ्यास पुढे सुरू झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट गँबियर भागात १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भूजल पिणाऱ्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण पावसाचे साठवलेले पाणी पिणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. २०१३ मध्ये आयोवा आणि टेक्सास या दोन राज्यांतला मोठा अभ्यास आला. त्यात असे दिसले की पाठीच्या नळीचे व्यंग असलेल्या बाळांच्या मातांनी पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक नायट्रेट घेतलेले असण्याची शक्यता निरोगी बाळांच्या मातांच्या तुलनेत दुप्पट होती. दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू आणि हातापायांचा भाग अपुरा राहणे यांबाबतही संबंध दिसला. तुमच्या विहिरीचे दोन लिटर पाणी म्हणजे १९० मिलिग्रॅमच्या पुढे नायट्रेट होते. मात्र इतर काही अभ्यासांत असा संबंध दिसला नाही किंवा फारच पुसट दिसला, आणि म्हणून नायट्रेटमुळे व्यंग येते असे शास्त्र अजून ठामपणे म्हणत नाही. संशय मात्र पुरेसा सबळ आहे, आणि संशय असलेले पाणी दिवस राहू पाहणाऱ्या बाईने पिऊ नये इतके सांगायला तो मला पुरतो.

‘दुप्पट’ या शब्दाने घाबरून जाऊ नका. भारतात हजार बाळंतपणांमागे सुमारे चार बाळांत हे व्यंग आढळते. ते दुप्पट झाले असे धरले तरी हजारांत आठ होतात, म्हणजे तेच पाणी पिणाऱ्या हजारातल्या ९९२ जणींच्या बाळांना ते होत नाही. म्हणून ‘माझ्या मुलीला पाण्यामुळेच झाले का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकणार नाही. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची कमतरता, आटोक्यात नसलेला मधुमेह, फिट्स येऊ नयेत म्हणून घेतलेले व्हॅल्प्रोएटसारखे औषध, अगदी सुरुवातीच्या दिवसांतला तीव्र ताप आणि घराण्यातला जनुकीय कल ही सगळी कारणे या व्यंगाशी जोडलेली आहेत. अनेकदा दोनतीन गोष्टी एकत्र येतात, आणि पुष्कळदा कोणतेच कारण हाती लागत नाही.

दुसऱ्या बाळाचा विचार अवश्य करा. एक मूल असे झालेल्या आईला पुन्हा तसेच होण्याची शक्यता शंभरात दोन ते चार असते, आणि ती कमी करण्याचा खात्रीचा उपाय हाती आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सात देशांत घेतलेल्या चाचणीत अशाच मातांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले गेले, आणि व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. ही मात्रा नेहमीच्या गोळीच्या दहापट आहे. आपल्याकडे त्यासाठी ५ मिलिग्रॅमची गोळी वापरतात. ती स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच, दिवस राहू देण्याच्या किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधी सुरू करायची आणि पहिले तीन महिने चालू ठेवायची. त्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी करून बाळाचा कणा, डोके आणि हृदय पाहायला सांगा. ही तपासणी टाळू नका, कारण व्यंग आढळलेच तर कोणता निर्णय घ्यायचा हे कायद्याच्या मुदतीत राहून ठरवता येते.

विहीर बुजवण्याची गरज नाही. धुणे, भांडी, गुरे यांसाठी ती वापरा. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी मात्र नळयोजनेचे किंवा तपासून ४५ च्या आत निघालेल्या दुसऱ्या विहिरीचे घ्या. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि तेवढेच नायट्रेट कमी पाण्यात उरते, म्हणजे ते उलट घट्टच होते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण नायट्रेट बसत नाही. आरओ यंत्राने ते बऱ्यापैकी निघते, परंतु जारचे पाणी विकणारा प्रत्येक जण यंत्राची जाळी वेळेवर बदलतोच असे नाही, तेव्हा जारचे पाणीही एकदा तपासून घ्यावे.

मी एका ग्रामीण रुग्णालयात असताना माझ्यासमोर आलेली एक बाटली मला आठवते. पावसाळ्याचे दिवस होते. एक आजोबा सुनेला घेऊन आले होते आणि त्यांच्या हातात सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेले विहिरीचे पाणी होते, काचेसारखे नितळ. ‘बाई, यात काय दिसते सांगा,’ असे म्हणून त्यांनी ती बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाणी तपासणीच्या किटमधल्या औषधाचे थेंब टाकल्यावर तेच पाणी हळूहळू गुलाबी झाले आणि दोन मिनिटांत गडद होत गेले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. तीन पिढ्या ज्या विहिरीला घराने गोड म्हटले, तिच्यातले नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि जिभेला लागत नाही. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही ‘पिण्यास अयोग्य’ असाच आला, पण तो गावच्या कार्यालयात एका कपाटात वर्षभर पडून राहिला. त्या घराला तो कोणी दाखवलाच नाही. याचा राग मला अजूनही येतो. तुमच्याकडे ९६ चा आकडा निदान पोहोचला आहे. तो शेजारच्या घरांनाही सांगा, कारण झिरपणारे पाणी कुंपण पाहत नाही.

प्रश्न : (यवतमाळ जिल्हा, शेतकरी) लग्नाला एक वर्ष झाले, आता मूल हवे आहे. आमची पराटी (कापूस) आणि सोयाबीन आहे. फवारणीचा पंप आम्ही शेतातल्या विहिरीवरच धुतो आणि दुपारी पाणीही तिथलेच पितो. औषधाचा अंश पाण्यातून पोटात गेल्यास बाळाला धोका आहे का?

उत्तर : दादा, पंप विहिरीवर धुणे आजच बंद करा; बाकीचे उत्तर त्यानंतर वाचा. पंपाच्या तळाशी राहिलेले द्रावण, रिकाम्या बाटल्या, धुतलेले कपडे यांतले सगळे विहिरीच्या काठावरून थेट पाण्यात उतरते.

फवारणीने माणसाचे काय होते हे २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. तेव्हा फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे मृत्यू झाले. ती एकदम झालेली विषबाधा होती. पाण्यातून जाणारा अंश अतिशय कमी असतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि उत्तरही तितके सरळ नाही, कारण कीटकनाशके आणि तणनाशके म्हणजे शेकडो निरनिराळी रसायने आहेत आणि त्यांतल्या मोजक्यांचाच गर्भाच्या अंगाने नीट अभ्यास झाला आहे. अमेरिकेत १९९६ ते २००२ या काळातल्या कोट्यवधी जन्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एप्रिल ते जुलै या महिन्यांत दिवस राहिलेल्या मातांच्या बाळांत व्यंगांचे प्रमाण किंचित अधिक दिसले. तिथल्या नद्यानाल्यांत ॲट्राझीन हे तणनाशक, इतर शेती-औषधे आणि नायट्रेट याच महिन्यांत सर्वाधिक असतात. यावरून औषधानेच व्यंग आले असे सिद्ध होत नाही, हे अभ्यासकांनीही मान्य केले आहे. ॲट्राझीन आपल्याकडे मक्याला आणि उसाला वापरले जाते. युरोपीय संघाने ते भूजलात उतरते म्हणूनच मागे घेतले. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षे एंडोसल्फान फवारले गेले, आणि तिथल्या गावांत व्यंग असलेली मुले इतकी दिसू लागली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये न्यायालयाने देशभर त्या औषधावर बंदी घातली.

तुमच्या घरापुरते बोलायचे तर माझी खरी काळजी पाण्यापेक्षा कातडीची आहे. फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदणाला जाणे, औषधाने भिजलेला तुमचा सदरा हाताने धुणे, औषध कालवताना बादली धरणे, या कामांत तुमच्या पत्नीच्या अंगात जितके औषध शिरेल तितके विहिरीच्या पाण्यातून बहुधा जाणार नाही. मूल हवे आहे असे ठरले त्या दिवसापासून ही तिन्ही कामे त्यांच्याकडून काढून घ्या. तुमचे कपडे तुम्ही स्वतः वेगळ्या घमेल्यात धुवा आणि ते पाणी विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर टाका. शेतात जाताना घरून पाण्याची कॅन न्या. पाण्यातली कीटकनाशके तपासणे गावातल्या किटने होत नाही, त्याला मोठी प्रयोगशाळा लागते आणि खर्चही बराच येतो. त्या खर्चाआधी पंप धुण्याची जागा बदला, ते फुकट होते.

प्रश्न : (अकोला जिल्हा, ग्रामपंचायत सदस्य) टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची भुकटी) टाकलेल्या पाण्याला वास येतो. मोबाईलवर आलेल्या एका संदेशात क्लोरीनमुळे बाळात व्यंग येते असे लिहिले आहे, म्हणून गावातल्या गरोदर बायका नळाचे पाणी सोडून पुन्हा जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या आहेत. टीसीएल बंद करावे का?

उत्तर : अजिबात बंद करू नका, ताई. त्या संदेशात तीळभर सत्य आहे आणि तेवढ्याने गावाचे मोठे नुकसान होईल. पाण्यात पालापाचोळा, शेवाळ असा सेंद्रिय गाळ असेल तर क्लोरीनची त्याच्याशी प्रक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे बनतात. त्यांचा आणि काही व्यंगांचा संबंध परदेशांतल्या अभ्यासांत तपासला गेला आहे, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि जिथे संबंध दिसला तिथेही तो क्षीण आहे. या संयुगांची भीती धरून निर्जंतुकीकरणात कसूर करू नये असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. टाकी वेळच्या वेळी धुऊन गाळ काढला आणि पाणी आधी गाळून मग टीसीएल टाकले, तर ही संयुगे मुळातच कमी बनतात.

आता निर्जंतुक न केलेल्या पाण्याने काय होते ते पाहा. हिपॅटायटिस ई ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरते. इतरांना ती बहुधा दोनचार आठवडे आजारी पाडून सोडते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात. ज्या विहिरीवर तुमच्या गावातल्या गरोदर बायका परत जात आहेत, तिच्यात हा विषाणू असू शकतो. मी कावीळ झालेल्या गरोदर बायकांना एका रात्रीत बेशुद्ध होताना पाहिले आहे, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

वास फार येत असेल तर मात्रा चुकते आहे. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर एक हजार लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम पुरते. पोते उघडे राहिले तर पावडरचा जोर उतरतो, मग जलसुरक्षक अंदाजाने मूठ वाढवतो, आणि कधी वास येतो तर कधी पाण्यात क्लोरीनच उरत नाही. टीसीएल टाकल्यावर एक तास थांबून मगच पाणी सोडायला सांगा आणि गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेले क्लोरीन पाहण्याची चाचणी, करा. पाणी फिकट पिवळे झाले म्हणजे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथवर पोहोचले. घरी भरलेले पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात, वर स्वच्छ कापड बांधून दोनचार तास ठेवले की वास निघून जातो.

प्रश्न : (चंद्रपूर जिल्हा) आमच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले आहेत. सुनेला दिवस आहेत. बाळ व्यंग घेऊन येईल का?

उत्तर : फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात हे पक्के आहे, पण त्याने गर्भात व्यंग येते असा भरवशाचा पुरावा नाही. म्हणून त्या भीतीने सुनेची झोप उडवू नका. तरीही ते पाणी सुनेला आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलांना पाजू नका, कारण पक्के दात हिरडीत तयार होत असतानाच डाग पडतात आणि पुढे ते जात नाहीत. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगले मानले जाते; दुसरा पर्याय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करतात, पण ती मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते, घरी अंदाजाने करण्यासारखी नाही. उकळून फ्लोराइडही जात नाही.

प्रश्न : (वर्धा जिल्हा, आशा कार्यकर्ती) फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यावे असे तुम्ही मागच्या अंकात लिहिले होते. पण दिवस गेल्याशिवाय कोणतीही सून गोळी घ्यायला तयार होत नाही. लोक काय म्हणतील याची लाज वाटते. पाण्याच्या तपासणीचे तर मला कोणीच विचारत नाही. मी काय करू?

उत्तर : आशाताई, पाचही पत्रांत तुमचे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण पहिल्या उत्तरातल्या त्या २८ दिवसांच्या आत घरात पाऊल ठेवू शकेल असे गावात तुमच्याशिवाय कोणी नाही. माझ्याकडे बाई येते तेव्हा ते दिवस सरलेले असतात.

पाण्यापासून सुरुवात करा, कारण त्यात लाजण्यासारखे काही नाही. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि किट देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण हे ग्रामसेवकांना विचारा. किट बंद खोक्यात असेल तर ते बाहेर काढायला लावा आणि औषधांची मुदत संपलेली नाही ना ते पाहा. किटचा आकडा संशयास्पद आला की नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. हापशी आधी पाच मिनिटे चालवायची, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची आणि तिच्यावर जागा, तारीख, वेळ लिहायची. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेतून आणलेली निर्जंतुक बाटलीच हवी, आणि ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचली पाहिजे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासा, कारण पावसानंतर आकडा बदलतो. उकिरडा किंवा शोषखड्डा विहिरीपासून ५० फुटांच्या आत असेल तर तेही वहीत टिपून ठेवा. ग्रामसभेत आकड्यांबरोबर ही मोजमापेही वाचून दाखवली की लोक ऐकतात.

बाळंतिणीच्या घरी गेलात की आणखी एक गोष्ट पाहा. नवजात बाळाला घुटी आणि वरचे पाणी पाजण्याची सवय आपल्याकडे अजून आहे, आणि निळ्या बाळाचा धोका याच पाण्यातून येतो. आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, तेव्हा सहा महिने फक्त आईचे दूध, उन्हाळ्यातही. आणि खर्रा किंवा मिश्री यांविषयी घरात कोणी विचारो न विचारो, तुम्ही विचारा. तंबाखूने बाळ कमी वजनाचे होते, पोटात दगावते, आणि विदर्भातल्या बायकांत ती सवय आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

व्यंग असलेले बाळ जन्मले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला लगेच कळवा. पाठीची गाठ, दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाऊल, हृदयातले छिद्र या सगळ्यांचे उपचार त्यातून मोफत होतात, आणि वाकड्या पावलाला तर पहिल्याच महिन्यात प्लास्टर सुरू झाले तर पाय बहुतेक वेळा सरळ होतो.

आता गोळीचे. ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी ही गरोदरपणाची गोळी आहे असे सांगू नका. रक्त वाढायला लागणारी गोळी आहे असे सांगा, तेही खरेच आहे. पाणी तपासण्याच्या दिवशी नव्या सुनांना किट पाहायला बोलवा आणि तिथेच सगळ्यांना एकत्र द्या, म्हणजे कोणा एकीकडे बोट दाखवले जाणार नाही. सासूबाईंसमोर द्या, त्यांच्या पाठीमागे नको.

आणि वेळ साधा. आपल्याकडची बहुतेक लग्ने वैशाख-ज्येष्ठात होतात, मग मृग लागतो, भेगांमधून पाणी विहिरीत उतरते, युरियाचा पहिला हप्ता पडतो आणि पुढे फवारणी सुरू होते. पुष्कळ नव्या सुनांना दिवसही याच आषाढ-श्रावणात राहतात. माझ्या ओळखीच्या एका आशाताई उन्हाळ्यात गावात येणारी प्रत्येक लग्नपत्रिका मागून घेतात, घरातल्या खिळ्याला अडकवतात आणि पत्रिकेच्या मागे गोळ्या दिल्याची तारीख लिहितात. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी खिळ्यावरच्या प्रत्येक पत्रिकेमागे तारीख पडलेली असली पाहिजे, असा त्यांचा नेम आहे. तुमच्या गावात या वर्षी किती पत्रिका आल्या ते मला पुढच्या पत्रात कळवा, आणि गोळ्या उपकेंद्रात कमी पडत असतील तर तेही लिहा.